टोपलीतली राख

॥ श्री ॥
भिलाई, ता. ४ जानेवारी १९८४

ती. सौ. ताराताईस देवीदासचा सा. न. वि. वि. भाऊजीले पण नमस्कार, पण अर्धाच. कावून का त्यायनं जाता जाता बाबाले माही सायकल विकून टाका म्हून सांगतलं, ते मी अजून विसरलो नाही.

तुहं पत्र पोचलं. त्याच्यावरचं नायजेरियाचं तिकीट पोस्टमननंच काढून घेतलं, त्याच्या पोट्टीले पाहिजे म्हणे. इकडे सगळे ठीक. बाबा मिलमधून येते, जेवते, झोपते. मायनं दोरीवर कपडे टाकले का प्लांटची लाल धूळ आधी येऊन बसते, मंग ऊन. माह्या आयटीआयचं विचारशील तं वेल्डिंगमध्ये पास, बाकीत मास्तरले माहं तोंड पसंत नाही.

आपल्या लाइनीच्या टोकाचा क्वार्टर अजून रिकामाच आहे. त्याच्या मांगच्या आंगणात लपून मी शेजारच्या नलूच्या मायच्या आवाजात दूधवाल्याले हाक मारतो. तो बिचारा बरणी घेऊन येते, कुलूप पाहते, अन् हनुमान चालीसा म्हणत जाते. सच्ची, आता तो आपल्या लाइनीत सायकलवरून उतरतच नाही.

माय तुह्याच चिंतेत राहते. मागच्या दोन्ही वेळी तू इथंच होती, दवाखाना जवळ होता, तरी दोन्ही पोट्टे बारशापर्यंत टिकले नाही. आता तं परमुलूख. देवाजवळ दिवा लावते अन् या वेळी तरी, एवढंच म्हणते.

एक काम कर. होळीत आमच्या मंडळाचा प्रोग्राम आहे. सगळे तेच ते सिनेमाचे गाणे म्हणतात. तू तिकडचं एखादं गाणं मतलबासकट लिहून पाठवजो. मी अशी चाल लावीन का तिकडचेच लोक भिलाईले ऐकाले येतीन.

माया आहे तेवढीच ठेव, वाढवली तं त्याच्यासंग उपदेश वाढतो.
तुहा,
देवीदास


नायजेरिया, कारखान्याची वसाहत
ता. २६ जानेवारी १९८४

चि. देवीदासास ताईचे अ. आ. दूधवाल्याच्या नावानं कान पिळून घे, म्हणजे माहं पोस्टाचं काम वाचलं.

तब्येत बरी आहे. भाऊजी सकाळीच कारखान्यात जातात. आमच्या घराले निळा दरवाजा आहे, समोर नदी, अन् नदीकाठी एक झाड एवढं मोठं का त्याच्या सावलीत आपली अख्खी लाइन बसन. शेजारी एक बाई राहते. तिचा नवरा भाऊजीच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या खात्यात, क्रेन चालवतो. तिले सगळे इया कोसोको म्हणतात, म्हणजे कोसोकोची माय, जशी आपली नलूची माय. मी नावाचा अर्थ विचारला. कोसोको म्हणजे घरात कुदळ नाही. त्याच्या आधीचे तिचे सगळे गेले. तिनं याले नाव देऊन सांगून टाकलं का बाबा, आता खड्डा खणाले घरात कुदळच उरली नाही, तू राह्य.

यायच्या गाण्यात कोणतीच गोष्ट आपल्या नावानं येत नाही. म्हातारा गेला तं म्हणतात मोठं झाड पडलं, पाखरं आता कुठं बसतीन. पोटुशी बाई म्हणजे डोक्यावर भरलं मडकं घेऊन चालणारी, तिले मांगून हाक मारू नये. तुले हसू येईन, पण आपणही साप चावला कुठं म्हणतो, पान लागलं म्हणतो ना. दिवा विझवला म्हणत नाही, वाढवला म्हणतो.

इया कोसोको म्हणते का काही लेकरं आपल्या खेळगड्यायले सांगून येतात, थोडं राहून वापस येतो म्हणून. मंग ते खेळगडी दुपारी दाराशी येऊन विचारतात, आमचा कुठं आहे. त्यायले खरं सांगायचं नसते. आठवड्यातून एकदा बाया येतात अन् माह्या पोटाशी बसून हे गाणं म्हणतात. अर्ध्या बाया विचारतात, अर्ध्या उत्तर देतात. मले समजलं तसं लिहिते:

टोपलीत कोण आहे?
कोणी नाही, चुलीतली राख आहे.
राख कावून हालून राहिली?
वारा शिरला.
वाऱ्याले दूध कावून पाजता?
पाजत नाही, सांडून राहिलं.
मंग डोळ्यात पाणी कावून?
राख गेली.

पहिल्यांदा मले हसू आलं. आता त्या उठून गेल्या का घर रिकामं वाटते.

देवीदास, हे तुह्या प्रोग्रामसाठी नाही. तू मागितलं म्हणून अन् मनात ठेववलं नाही म्हणून लिहिलं. इया कोसोकोनं बजावलं आहे का हे खेळ म्हणून म्हणायचं नाही, अन् विचारणाऱ्याले खरं उत्तर जाऊ द्यायचं नाही.

मायले सांग मी दोन्ही वेळ जेवते. मायेत कमी नाही, हे तुले सांगायची गरज नाही.
तुही ताई,
तारा


॥ श्री ॥
भिलाई, ता. २० फेब्रुवारी १९८४

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि. या वेळी नमस्कार पुराच घे.

आधीच सांगतो, तू नको म्हटलं होतं अन् मी केलं. प्रोग्राममध्ये नाही केलं. लाइनीतल्या पोट्ट्यायसंग केलं, मागच्या बुधवारी दुपारी, त्या रिकाम्या क्वार्टरच्या मांगे. दोनचा भोंगा होऊन गेला होता, सेकंड शिफ्टवाले गेले, फर्स्टवाले झोपले, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी गाणं हिंदीत केलं, कावून का यातल्या अर्ध्यायले मराठी येत नाही. एक माती वाहायची पाटी उपडी ठेवली अन् मी तिच्याजवळ बसलो. पोट्टे विचारत, टोकरी में कौन है, अन् मी उत्तर देऊ. राखेनं सुरुवात केली, मंग मी माह्या मनचे जोडले. टोपलीत फाटका जोडा आहे, मेलेली घूस आहे, मास्तरचा मेंदू आहे. पोट्टे हसून हसून लोळले. नलू तं म्हणे देवीदासभैया, इसको रेडियो पर बोलो.

मंग कोणीतरी विचारलं का टोपली कुठं आहे. हे तुह्या गाण्यात नाही. पण मी रंगात होतो, तोंडातून निघून गेलं. म्हटलं, नायजेरियात, नदीकाठी, मोठ्या झाडासमोर, निळ्या दरवाज्याच्या घरात, अन् त्याच्यात माहा भासा आहे, माह्या ताईचं पोरगं.

पोट्टे हसले नाही. नलूनं मले विचारलं का भैया, तुम किससे बात कर रहे हो.

तेव्हा माह्या ध्यानात आलं. तो आवाज हिंदीत नव्हता आला. टोपली कोठी हाये गा, असं आलं होतं. आपल्या भंडाऱ्याकडच्या गावातले म्हातारे बोलतात तसं, पण आवाज लहान पोराचा. अन् आला तो आंगणातून नाही, क्वार्टरच्या आतून. मी खिडकीतून पायलं. फरशीवर लाल धुळीचा थर जसाच्या तसा होता, एक पाऊल नाही.

मी घरी येऊन हसत हसत मायले सांगतलं. तिनं मले थोबाडीत मारली. ताई, मायनं मले कधी मारलं नाही, तुले माहीत आहे, ते काम बाबाचं आहे. मंग ती खाली बसली अन् तिनं जे सांगतलं ते तुलेही माहीत नसन. मले गावातले सगळे उकंड्या म्हणतात, मले वाटे मी घाण राहतो म्हून. तसं नाही. तुह्या मांगून अन् माह्या आधी दोन पोट्टे झाले होते, दोघंही गेले. मंग मी झालो तं आजीनं मले उकंड्यावर नेऊन लोळवलं अन् गावभर सांगतलं का पोरगं झालं नाही, उकंड्यावर कचरा सापडला तो उचलून आणला. म्हणजे हे तुह्या नदीकाठचंच काम आजीनं भंडाऱ्यात केलं. मले लपवलं होतं. कोणापासून, ते मायनं सांगतलं नाही.

मी तेव्हापासून तिकडे गेलो नाही. तू काही मनावर घेऊ नको. सगळं ठीक असन. ठीक असलं तं दोन ओळी लवकर टाकजो. माया कमी करायची असन तं मले मंजूर आहे.
तुहा,
देवीदास


नायजेरिया
ता. ९ मार्च १९८४

चि. देवीदासास अ. आ.

तुहं पत्र काल आलं. तू ज्या दुपारी खेळला, त्याच्या आदल्या दिवशी आमची टोपली भरली. काय झालं ते मी लिहीत नाही, मायले सांग म्हणजे ती समजन. पहिल्या दिवशी सगळं चांगलं होतं. भाऊजीनं शॉपमध्ये मिठाई म्हणून बिस्किटं वाटली.

बुधवारपासून दुपारी दाराशी कोणीतरी येते. आधी वाटलं वसाहतीतले पोरं असतीन. हसण्याचा आवाज येते, दरवाजा उघडला का कोणी नाही, नुसतं ऊन. इया कोसोकोच्या शेळ्या आमचं आंगण सोडून लांबून जातात. अन् राख, देवीदास, राख त्या आवाजाकडे मान वळवते. तेव्हापासून दूध ओढणं कमी झालं आहे. डॉक्टर दोनदा येऊन गेले, त्यायले काहीच सापडत नाही. भाऊजी म्हणतात हवा मानवली नसन. पण ते आता दुपारी घरी येऊन बसतात.

मी कोणालेच सांगतलं नव्हतं ते तुले सांगते. दाराबाहेरून चाल ना गा, चाल ना, असं येते. मले वाटे मीच वेडी होऊन राहिली. इथं हजारो मैलांत भंडाऱ्याची बोली कोण बोलन. तुहं पत्र वाचलं अन् मी उठून दाराले कडी लावली.

इया कोसोकोले सांगावं लागलं. ती रागावली नाही, हेच मले जास्त लागलं. तिनं एवढंच विचारलं का तो तुहा सख्खा भाऊ आहे का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, मंग आमचं गाणं आता चालणार नाही. मामाचा शब्द ते मानतात. शेजारच्या बाया राख राख म्हणत बसल्या तरी मामानं तोंडानं सांगतलेलं ते खरं धरतीन. ज्यानं सांगतलं त्यानंच ते खोटं करावं. कसं, ते तिलेही माहीत नाही. ती म्हणाली, तुहा भाऊ थापा मारण्यात हुशार आहे का. मी म्हटलं, त्याच्याजवळ तेवढंच आहे.

तुह्यावर चिडायची ताकद नाही. हात हलका झाला आहे त्याचा, बोट धरलं का धरल्यासारखं वाटत नाही. आता तिसऱ्यांदा मले हे सहन होणार नाही, देवीदास. काहीतरी कर.
तारा


॥ श्री ॥
भिलाई, ता. २४ मार्च १९८४

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुहं पत्र आज आलं अन् आजच मी जाऊन आलो. मायले अर्धंच वाचून दाखवलं. ते अर्धं ऐकूनच ती उठून पदर खोचत होती, मी म्हटलं हे माहं काम आहे, तुहं नाही.

उन्हात रस्ता पांढरा झाला होता. मी रिकाम्या क्वार्टरच्या मांगे गेलो, पाटी घेतली, बसलो. एकटाच. पहिल्यांदा बराच वेळ काहीच नाही. मले वाटलं चला, वाचलो. मंग खिडकीतून विचारलं गेलं का टोपलीत कोण आहे, अन् या वेळी आवाज एकाचा नव्हता.

मी तयार होतो. म्हटलं, टोपलीत स्लॅग आहे. भट्टीत लोखंड वेगळं झालं का वर जे उरते ते, फेकून देतात, कोणी उचलत नाही. त्यायनं विचारलं स्लॅग कावून गरम आहे. म्हटलं आत्ताच ओतला. त्यायनं विचारलं मंग नदीकाठच्या घरात कोण आहे. म्हटलं, कोणती नदी, कोणतं घर, मी थाप मारली होती. साऱ्या सेक्टरले विचारा, दूधवाल्याले विचारा, मी तोंड उघडलं का खोटं निघते. माही बहीण तिकडे एकटी आहे, तिच्या घरात धुणं वाळते, बस.

ते हसले. ताई, मी जन्मभर लोकायले हसवलं, मले समजते कोण फसून हसते अन् कोण न फसता. ते फसले नव्हते. ते म्हणाले का तू घाबरून राहिला.

आता तुले एक माह्या धंद्यातली गोष्ट सांगतो. नुसती थाप कधी पचत नाही. दूधवाला तेव्हाच आला जेव्हा मी नलूच्या मायच्या आवाजात त्याच्या मागच्या महिन्याच्या नासलेल्या दुधाची खरी गोष्ट घातली. थापेत एक तरी गोष्ट खरी पाहिजे, अन् ती अशी पाहिजे का सांगणाऱ्याचंच त्याच्यात नुकसान व्हावं. मंग बाकीचं सगळं लोक डोळे मिटून गिळतात.

म्हून मी म्हटलं, हो, घाबरलो. कावून का तुम्ही ज्याले शोधता तो तिकडे नाही, इथं आहे. आजीनं तुम्हाले फसवलं. उकंड्यावर कचरा सापडला नव्हता. तो मीच होतो. तुम्ही इतके वर्ष वाट पाहून राहिले, तो मीच.

मंग आत एकदम शांत झालं. प्लांटचा आवाज तुले माहीत आहे, तो आपल्याले ऐकूच येत नाही एवढा कायम असते. तोही मले तेव्हा ऐकू येत नव्हता. अन् मंग खिडकीच्या आत धुळीवर पावलं उमटाले लागली. लहान लहान. माह्याकडे येणारी.

मी पाटी तिथंच सोडून घरी आलो. पळालो नाही, चालत आलो. पळालो असतो तं त्यायले वाटलं असतं मी खोटं बोललो.

राख कशी आहे ते कळवजो. माया असू दे, आता मले तिचं काम पडन.
तुहा,
उकंड्या


नायजेरिया
ता. १८ एप्रिल १९८४

चि. देवीदासास ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

काय लिहू. तू त्या क्वार्टरवर गेला त्याच दुपारी दाराबाहेरचं बंद झालं. इया कोसोकोच्या शेळ्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. रातीच त्यानं दूध ओढलं ते असं का मले दुखलं, अन् मी रडली तं भाऊजी घाबरून उठले. आता मांड्याले वळ्या पडल्या आहेत. बोट धरलं का सोडत नाही. भाऊजीच्या चष्म्याची काडी तोडली.

भाऊजी म्हणतात डॉक्टरच्या औषधाचा गुण. म्हणू दे. इया कोसोकोले तुहं पत्र मी इंग्रजीत समजावून सांगतलं. स्लॅगवर ती खूप हसली, आपल्या नवऱ्याले बोलावून त्यालेही सांगतलं. शेवटचं ऐकून मात्र ती माह्याजवळ येऊन बसली. तिनं मले विचारलं का तुह्या भावाले किती वर्षं झाली. मी वीस म्हटलं. ती म्हणाली, चांगला मोठा आहे, बोलता येते त्याले.

ऑगस्टमध्ये भाऊजीले सुट्टी आहे. राखीच्या आधी आम्ही भिलाईले पोचतो. बारसं, उष्टावण सगळं तिथंच करू. पहिला घास मामाच्याच हातचा पाहिजे, मी भाऊजीले सांगून ठेवलं आहे. तू खिरीच्या कढईत बोट घालून आधी चाखशील हेही सांगून ठेवलं आहे. त्याच्या कपाळावर तुह्यासारखाच भोवरा आहे. मले तं तो झोपेत तुह्यासारखाच हसतो असं वाटते, लबाड.

तुह्या तब्येतीचं तू काहीच लिहिलं नाही. सगळं लिहिजो. तुह्यावरची माया आता मोजून पाठवता येत नाही, अशीच घे.
तुही,
ताराताई


॥ श्री ॥
भिलाई, ता. १० मे १९८४

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुहं पत्र मी घरात नाही वाचलं. कुरुद गावाच्या बाजूले शेतात जाऊन, पाठ करून, मंग फाडून नाल्यात सोडलं. मायले तोंडीच सांगतलं. ती हसली अन् लगेच आंगडं शिवाले बसली, मी ते तिच्याकडून काढून घेतलं. म्हटलं ताईकडे पाठवून देतो. इथं घरात लहान कपडा नको.

तू सगळं लिही म्हटलं म्हून लिहितो. मी ठीक आहे. थोडा वाळलो, मले ते शोभून दिसते असं नलू म्हणते. दुपारी ते येतात. त्रास काही देत नाही, पोट्टेच आहेत. माह्या खाटेच्या खाली खेळतात. मी रसमडा गावातल्या एका कारखान्यात वेल्डिंगचं काम पकडलं, सेकंड शिफ्ट, म्हणजे दुपारी घरी राहाचंच नको. पहिल्याच दिवशी गेटवर मले कोणीतरी विचारलं का आता टोपलीत कोण आहे. मांगे पायलं तं नुसती लाइन उभी होती मजुरायची. तेव्हापासून ते संगच असतात. मी वेल्डिंग करता करता त्यायले उत्तर देत राहतो. कारीगर म्हणते, देवीदास, किससे बतियाता है. मी म्हणतो, गाना गा रहा हूं उस्ताद.

चाल ना गा, असं मलेही म्हणतात. मी म्हणतो, उद्या. मले उद्या म्हणता येते ताई, राखेले नव्हतं म्हणता येत. एवढाच फरक आहे, अन् तेवढा पुरते. मी त्यायले रोज नवीन गोष्ट सांगतो, ते ऐकत बसतात, जायचं विसरतात. वीस वर्षं लोकायले उल्लू बनवलं ते उगीच नाही.

पण ते अजून विचारतात. कोणी येणार आहे का घरी, मायनं घर कावून सारवलं, बाबानं रंगाचा डबा कावून आणला. मी म्हणतो दिवाळी. ते म्हणतात, मे महिन्यात. हुशार आहेत, आपल्याच घरचे आहेत ना.

म्हून तू भिलाईले येऊ नको. नागपुरावरून सरळ भाऊजीच्या गावी जाय. माय अन् बाबा तिकडे येतीन, मी त्यायले गाडीत बसवून देईन, पण प्लॅटफॉर्मवर थांबणार नाही. बारसं तिकडेच कर. खीर दुसऱ्या कोणाच्या हातानं भरव, भाऊजीचा चुलत साळा कोणी असन तं त्याच्या. मले राखी पोस्टानं पाठवजो, आत कागद नको, फोटो तं बिलकुल नको.

तू म्हणशील लांबून तरी पाहून घे. मी तोंडानं कोणतीही थाप मारू शकतो. पण त्याले पायल्यावर माह्या चेहऱ्याले कोण शिकवन? ते माह्या चेहऱ्याकडेच पाहत असतात. तू लिहिलं ना भोवऱ्याचं, हसण्याचं, तेवढं वाचूनच त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते माह्याभोवती चूप बसले होते. एक जण म्हणाला का आज तू खुश आहे, कोण आलं. मी म्हटलं पगार झाला.

मोठा झाल्यावर तो विचारन. सगळ्यायले मामा असते, मले कावून नाही. शाळेत पोट्टे चिडवतीन. तेव्हा तुले वाईट वाटन अन् तुह्या तोंडातून खरं निघाले पायन. निघू देऊ नको. भाऊजीलेही सांगून ठेव, ते खरं बोलणारे आहेत, त्यायचंच जास्त भेव आहे.

मायेचं लिहून संपवतात, मले तसं लिहिता येत नाही, आत्तापर्यंत ते खाटेखाली खेळत होते, आता माह्या खांद्यावरून हा कागद वाचून राहिले, आधीचे पानं मी खिशात लपवले. तुही ती राख असो का काय असो, तिले जोरानं रडू दे, जेवू दे, काड्या तोडू दे. अन् तिनं विचारलं तं सरळ सांगजो का तुह्या मायले भाऊ नव्हता.